भरतीच्या टोकावरचे नागोठणे आणि राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 10

संसदेने 2016 मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या अनुसूचीत दहाव्या क्रमांकावर रायगड जिल्ह्यातील अंबा नदीचे नाव आहे. धरमतर खाडी जिथे अरबी समुद्राला मिळते त्या रेवस गावापासून नागोठण्याच्या एस.टी. स्थानकाजवळच्या पुलापर्यंतचा 45 किलोमीटरांचा प्रवाह या नोंदीने राष्ट्रीय जलमार्ग ठरला आणि 12 एप्रिल 2016 रोजी कायदा अमलात आल्यापासून त्यावरील नौकानयनाच्या विकासाची जबाबदारी केंद्राच्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे गेली. याच कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या 5 वरून एकदम 111 वर नेली. जलमार्गाचे वरचे टोक सांगताना धक्क्याची किंवा बंदराची खूण न सापडता एस.टी. स्थानकाची खूण द्यावी लागली, ही गोष्ट मसुदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानातही आली नसेल. परंतु एके काळचे हे बंदर आज पाण्यापासून किती तुटले आहे, याचा यापेक्षा नेमका पुरावा शोधूनही मिळणार नाही.

राष्ट्रीय जलमार्ग म्हणजे काय, हे आधी पाहणे आवश्यक आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या 24व्या नोंदीनुसार, संसदेने कायद्याने राष्ट्रीय म्हणून घोषित केलेल्या अंतर्देशीय जलमार्गांवरची यांत्रिक जहाजांची वाहतूक हा केंद्राचा विषय होतो. त्यामुळे 1986 मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाला त्या नदीचे सर्वेक्षण करणे, गाळ उपसणे, बोये व दिवे लावून जहाजांसाठी सुरक्षित पट्टा आखून देणे हे अधिकार मिळतात. घोषणेने तेवढे होते. पाणी वाढत नाही आणि गाळही आपोआप हटत नाही. शिवाय नदीचे बाकीचे अंग अन्य खात्यांकडेच राहते. काठावरचे धक्के 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत, वरचा बंधारा पाटबंधारे खात्याकडे, काठचे बांध खारभूमी विकास खात्याकडे, पूल बांधकाम खात्याकडे किंवा रस्ते विकास महामंडळाकडे आणि तिवरांची वने वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे. नदी एक असली तरी तिच्यावर निर्णय घेणारी टेबले अनेक आहेत, आणि अंबेच्या जलमार्गाचा आजवरचा इतिहास हा बव्हंशी या टेबलांमधील अंतराचा इतिहास आहे.

अंबा नदी खोपोली-खंडाळ्याच्या बाजूच्या सह्याद्रीत उगम पावते, सुधागड तालुक्यातून जांभूळपाड्यावरून व पालीजवळून वाहत नागोठण्याला येते आणि तेथून पुढे वायव्येकडे वळत पेण व अलिबाग तालुक्यांच्या मधून धरमतर खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते. नागोठणे प्रशासकीयदृष्ट्या रोहा तालुक्यात असले तरी पेण तालुक्याच्या सीमेला लागून आहे. या गावाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे समुद्राच्या भरतीचे पाणी नदीत जिथपर्यंत चढते त्या हद्दीवर ते वसले आहे. कोकणातील जुन्या बाजारपेठांचा नकाशा नीट पाहिला तर त्यांतील बहुतेक अशाच हद्दीवर आढळतात: उल्हासवर कल्याण, भोगावतीवर पेण, कुंडलिकेवर रोहा-अष्टमी, सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण. यामागचे कारण सरळ आहे. भरतीबरोबर गलबत किंवा मचवा शीड न उभारताही आत येऊ शकतो आणि ओहोटीबरोबर बाहेर पडू शकतो. जिथे ही फुकटची वाहतूक संपते तिथे माल उतरवून बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांत चढवावा लागतो. आणि माल जिथे उतरतो तिथे वखार, दलाल, सराफ व धर्मशाळा येतातच. समुद्राकडून आत येणारी वस्तू आणि घाटावरून उतरणारी वस्तू यांची गाठ पडण्याची ही ठिकाणे होती. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा तांदूळ आणि मीठ या बंदरांतून मुंबईला व घाटावर जात असे.

नागोठण्याजवळचा जुना दगडी पूल या व्यापाराच्या वयाची साक्ष देतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलच्या काजी अलाउद्दीन याने तो बांधल्याचे सांगितले जाते आणि पश्चिम भारतातील जुन्या दगडी पुलांत त्याची गणना होते. चौल हे त्या काळचे मोठे सागरी बंदर. तेथील एका धनिकाने आपल्या बंदरापासून इतक्या दूर, दुसऱ्याच नदीवर पूल बांधावा, याचा अर्थ चौलहून अंतर्भागात जाणारा खुष्कीचा मार्ग नागोठण्यावरून जात होता आणि त्यावर खर्च करणे अशा धनिकाला परवडत होते. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी महाबळेश्वरला जाताना मुंबईहून जलमार्गे नागोठण्यापर्यंत येत आणि तेथून महाड-पोलादपूरमार्गे वर चढत. मुंबईच्या भोवतीच्या खाड्यांत वाफेच्या बोटी सुरू झाल्यावर धरमतर हे या पट्ट्यातील प्रवासाचे मुख्य ठिकाण झाले.

या वैभवाला उतरती कळा एका घावात लागली नाही. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे पुण्याकडे निघाली, आणि घाटमाथ्याचा व्यापार कोकणातील छोट्या बंदरांना वळसा घालून थेट मुंबईशी जोडला गेला. तरीही कुलाबा जिल्ह्याला मुंबईशी जोडणारा सोयीचा रस्ता नव्हता तोवर बोटींचे महत्त्व टिकून होते. मुंबई-गोवा महामार्ग आणि 1973 चा वाशीचा खाडीपूल यांनी तेही संपवले. 1986 मध्ये आपट्याहून रोह्यापर्यंत लोहमार्ग आला तेव्हा नागोठण्याला रेल्वे स्थानक मिळाले. माणसे व माल यांच्यासाठी तीन मार्ग उपलब्ध झाले आणि त्यांतील सर्वांत जुना मार्ग आधी सोडून देण्यात आला.

गाळाची गोष्ट मात्र रस्त्यांइतकी सरळ नाही, आणि तिच्याकडे लक्ष कमी गेले आहे. भरतीच्या नदीत गाळ हटवण्याचे काम मुख्यतः ओहोटी करते. भरतीला जेवढे पाणी आत येऊन काठच्या दलदलीत पसरते तेवढे सारे सहा तासांत बाहेर पडताना पात्र घासत जाते. आत पसरणाऱ्या पाण्याचे आकारमान जितके मोठे तितकी ही घासणी जोरकस. पेण आणि अलिबाग तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या दलदलीभोवती मातीचे बांध घालून, उघाड्यांमधून पावसाचे पाणी बाहेर सोडून आणि समुद्राचे पाणी अडवून भातशेती उभी राहिली. उघाडी म्हणजे बांधातील झडपेचे दार, जे ओहोटीला आपोआप उघडते आणि भरतीला दाबाने बंद होते. या खारबंदिस्तीने हजारो कुटुंबे जगवली. पण प्रत्येक नव्या बांधाबरोबर भरतीला पसरायची जागा आक्रसली आणि ओहोटीचा जोर घटला. त्यात सह्याद्रीच्या उतारावरून पावसाळ्यात येणाऱ्या मातीची भर पडली. त्यामुळे वरच्या पात्रातील बंदरे उथळ होत गेली. शेती आणि बंदर यांचा हा जुना झगडा आहे. त्यात शेती जिंकली याचे वाईट वाटण्याचे कारण नाही; परंतु उद्या कोणी यंत्राने गाळ उपसून नागोठण्यापर्यंत पाणी खोल करू म्हणेल, तर ओहोटीने फुकट होणारे काम पैसे मोजून, आणि तेही दरवर्षी, करावे लागेल हे त्याने हिशेबात धरले पाहिजे.

आज राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 10 दोन अगदी वेगळ्या तुकड्यांत जगतो. रेवसपासून धरमतर-डोलवीपर्यंतचा खालचा तुकडा हा देशातील सर्वाधिक मालवाहतुकीच्या अंतर्देशीय जलमार्गांपैकी एक आहे. धरमतरच्या वरून नागोठण्यापर्यंतचा तुकडा कायद्यात राष्ट्रीय असला तरी व्यवहारात मासेमारीच्या होड्यांचा आहे.

खालच्या तुकड्याची जडणघडण समजून घेण्याजोगी आहे. पेण तालुक्यातील डोलवी येथे 1990च्या दशकात इस्पात उद्योगसमूहाचा पोलाद कारखाना उभा राहिला. डिसेंबर 2010 मध्ये तो जेएसडब्ल्यू स्टीलने ताब्यात घेतला आणि पुढे त्याची वार्षिक क्षमता 50 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेली. एक टन पोलादासाठी लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी मिळून त्याहून बराच अधिक कच्चा माल लागतो, आणि डोलवीच्या आसपास यांतले काहीही निघत नाही. खोल पाण्याची मोठी जहाजे धरमतर खाडीत शिरू शकत नाहीत. म्हणून ती रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड बंदरात किंवा मुंबई बंदराच्या बाह्य नांगरवाड्यात थांबतात आणि त्यांच्यातील माल बार्ज व लहान मालवाहू जहाजांत भरला जातो. मोठ्या जहाजातून असा माल हलका करून घेण्याला व्यवसायात लायटरेज म्हणतात. या लहान जहाजांतील मोठी सुमारे 8000 टनांपर्यंत भार घेतात आणि भरतीची वेळ साधून खाडीत येतात. उधाणाच्या म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या भरतीला मुंबईच्या परिसरात पाणी चार-पाच मीटरांनी चढते-उतरते, तर भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या भरतीला हा चढ-उतार निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे जहाजात किती माल भरायचा आणि केव्हा निघायचे याचा निर्णय आजही तिथी पाहूनच करावा लागतो. तांडेलांचे पिढीजात ज्ञान आणि कारखान्याचे संगणकीय वेळापत्रक या ठिकाणी एकाच पंचांगावर चालतात.

धरमतरच्या धक्क्यांवर उतरलेला माल सरकत्या पट्ट्यांवरून थेट कारखान्यात जातो. एकच मालक, एकच ग्राहक आणि धक्क्याला लागून कारखाना, असा हा बंदोबस्त असल्याने तो कार्यक्षम आहे. याच खाडीत अलिबाग तालुक्यातील शहाबाजजवळ पीएनपीचे बंदर आहे, जे इतर उद्योगांचाही माल हाताळते; 2023च्या अखेरीस त्यातील निम्म्याहून किंचित अधिक भागभांडवल जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरने घेण्याचे जाहीर केले. म्हणजे 45 किलोमीटरांच्या या राष्ट्रीय जलमार्गावरील मालवाहतुकीच्या बहुतेक किल्ल्या एकाच उद्योगसमूहाच्या हाती एकवटल्या आहेत. यात बेकायदेशीर काही नाही, पण राष्ट्रीय या विशेषणाला शोभणारेही फारसे नाही.

देशपातळीवरील आकडेवारी वाचताना ही वस्तुस्थिती लक्षात ठेवली पाहिजे. राष्ट्रीय जलमार्गांवरील मालवाहतूक 2013-14 मधील सुमारे 1.8 कोटी टनांवरून 2024-25 मध्ये 14.5 कोटी टनांवर गेल्याचे सरकार सांगते, आणि ते खोटे नाही. मात्र या वाढीचा एक भाग असा आहे की अंबेसारख्या खाड्यांतून जी वाहतूक पूर्वीपासून चालू होती, तिला 2016 नंतर राष्ट्रीय जलमार्गावरची वाहतूक म्हणून मोजले जाऊ लागले. बार्ज तेच, खाडी तीच; रकाना बदलला.

वरच्या तुकड्यात बार्ज का येत नाहीत? पहिले कारण खोली व रुंदीचे. भारतात जलमार्गांचे सात वर्ग पाडलेले असून पहिल्या वर्गाच्या मार्गावर साधारण 100 टनांचे, तर चौथ्या वर्गाच्या मार्गावर 1000 टनांचे जहाज चालावे अशी अपेक्षा असते आणि प्रत्येक वर्गासाठी पाण्याची किमान खोली, पात्राची रुंदी आणि पुलाखालची मोकळी उंची ठरलेली असते. नागोठण्याकडे येताना पात्र अरुंद व वळणावळणाचे होते. पेण-अलिबाग रस्त्याचा धरमतरचा पूल आणि पेणहून थळच्या खत कारखान्याकडे जाणारा लोहमार्ग हे दोन्ही खाडी ओलांडतात, त्यामुळे जहाजाच्या उंचीवर मर्यादा येते. नागोठण्याजवळ पाटबंधारे खात्याचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. तो खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही आणि त्याच्या मागे साठलेले गोडे पाणी परिसरातील उद्योगांना पुरवले जाते. म्हणजे नागोठण्याच्या अंबेवर उद्योगांचा हक्क आहेच, पण तो वाहतुकीसाठी नसून पाण्यासाठी आहे.

दुसरे कारण मालाचे, आणि ते अधिक निर्णायक आहे. नागोठण्यातील सर्वांत मोठा उद्योग म्हणजे सरकारी मालकीच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनने 1980च्या दशकाच्या अखेरीस उभारलेला वायुभंजन प्रकल्प, ज्यात नैसर्गिक वायूतील इथेन व प्रोपेन तोडून प्लास्टिकचा कच्चा माल बनवला जातो. 2002 मध्ये ती कंपनी रिलायन्सकडे गेली. या प्रकल्पाला सुरुवातीला लागणारा वायू उरणहून नळांतून येई. पुढे अमेरिकेतून जहाजांनी इथेन आयात होऊ लागले, तेव्हा ते गुजरातमधील दहेज येथे उतरवून दहेज-नागोठणे नळमार्गाने आणले गेले. अटलांटिक ओलांडून आलेला माल नागोठण्याच्या राष्ट्रीय जलमार्गाने शेवटचे 45 किलोमीटर न येता शेकडो किलोमीटरांच्या नळातून जमिनीखालून येतो. यात कोणाची चूक नाही. वायूला नळ सोयीचा, आणि तयार प्लास्टिकच्या दाण्यांना ट्रक सोयीचा. पण जलमार्ग ज्या मालासाठी असतो, म्हणजे जड, स्वस्त आणि घाई नसलेला माल, तसा माल नागोठण्याच्या कारखानदारीत आजमितीस थोडा आहे.

जलवाहतुकीच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य युक्तिवाद इंधनाचा आहे. एक लिटर डिझेलमध्ये रस्त्याने सुमारे 24, रेल्वेने 85 आणि पाण्याने 105 टन माल एक किलोमीटर नेता येतो, असा हिशेब सरकारी अहवालांत दिला जातो. तो लांब पल्ल्यासाठी योग्य आहे. 45 किलोमीटरांच्या मार्गावर मात्र माल दोनदा उतरवण्या-चढवण्याचा खर्च इंधनाची बचत खाऊन टाकतो, जोवर कारखाना धक्क्यालाच लागून नाही. डोलवीला हा अपवाद लाभला आहे. नागोठण्याला लाभलेला नाही.

या संदर्भात चीनमधील यांगत्से नदीचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो, कारण नदीवाहतुकीच्या जागतिक चर्चेत ती नेहमीच मोजपट्टी म्हणून वापरली जाते. दोन नद्यांच्या आकारात तुलना करण्याजोगे काही नाही. यांगत्सेची लांबी सुमारे 6300 किलोमीटर असून त्यांतील मुख्य प्रवाहाचा 2800 किलोमीटरांहून अधिक भाग जहाजांना खुला आहे, आणि 2020 पासून तिच्यावरची वार्षिक मालवाहतूक 300 कोटी टनांच्या वर राहिली आहे, म्हणजे भारतातील सर्व राष्ट्रीय जलमार्गांच्या आजच्या एकत्रित वाहतुकीच्या वीसपट. पण तिथली पायाभूत कामे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या चुका करून झाली, हे पाहण्यासारखे आहे. मुखापासून नानजिंगपर्यंतच्या 431 किलोमीटरांत 12.5 मीटर खोलीचा मार्ग 2018 मध्ये पूर्ण लांबीने वापरात आला, ज्यामुळे समुद्रगामी जहाजे थेट आतल्या बंदरांत जाऊ लागली. तरीही नानजिंगच्या वर मोठी जहाजे जाऊ शकत नाहीत, कारण 1968 मध्ये पुरा झालेल्या तेथील पुलाखाली फक्त 24 मीटर उंची मोकळी आहे. त्या काळी तो पूल राष्ट्रीय अभिमानाचा विषय होता. पन्नास वर्षांनी नदी खोल करून झाली आणि पूल मात्र तसाच राहिला. त्याहून वर, थ्री गॉर्जेस धरणावर पाच टप्प्यांची जहाजकुलपे 2003 मध्ये सुरू झाली. जहाजकुलूप म्हणजे दोन दारांमधील असा हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेले जाते. वर्षाला 10 कोटी टनांची त्यांची आखलेली क्षमता 2011 मध्येच गाठली गेली आणि तेव्हापासून जहाजांच्या रांगा ही तेथील नित्याची गोष्ट झाली. 2016 मध्ये 3000 टनांपर्यंतच्या जहाजांसाठी उचलयंत्र बसवूनही त्या रांगा मिटल्या नाहीत.

यांगत्सेच्या बंदरांचे यश नदीपेक्षाही नदीकाठच्या जोडण्यांत आहे. चोंगचिंग आणि वूहान येथील नव्या बंदरांत रेल्वेचे रूळ धक्क्यापर्यंत नेले गेले आणि ही बंदरे अनेक उद्योगांसाठी खुली असल्याने एखादा कारखाना बंद पडला तरी धक्का ओस पडत नाही. दुसऱ्या बाजूला, अनियंत्रित वाढीची किंमतही त्याच नदीने मोजली. जिथे तिथे उगवलेले 1361 बेकायदा धक्के सरकारला हटवावे किंवा ताळ्यावर आणावे लागले. बायजी नावाचा नदीतील डॉल्फिन 2006 च्या शोधमोहिमेत एकही आढळला नाही. 1 जानेवारी 2021 पासून नदीच्या मुख्य प्रवाहात दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू झाली, ज्यामुळे दोन लाखांहून अधिक मच्छीमारांना व्यवसाय सोडावा लागला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये यांगत्से संरक्षण कायदा अमलात आला. चीनने आधी बंदरे बांधली आणि नंतर नदी वाचवायला घेतली. तेवढी मोठी नदी ते सोसू शकली असेल. अंबेला तशी चैन परवडणारी नाही.

अंबेच्या काठी ही किंमत वेगळ्या रूपात दिसते. पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खाडीकाठच्या गावांतून गेली अनेक वर्षे तक्रार येते की बार्जच्या फेऱ्यांनी उठणाऱ्या लाटांमुळे खारबांध खचतात, त्यांना खांडी पडतात आणि खारे पाणी शेतात शिरून भाताचे पीक तर जातेच, पण जमीनही पुढची काही वर्षे नापीक होते. खांडीचे एकमेव कारण बार्ज नाहीत. दुर्लक्षित उघाड्या, उधाणे आणि बांधांची अपुरी डागडुजी हीही कारणे आहेत. परंतु जलमार्गावरची वाहतूक वाढत असताना काठाच्या बांधांची जबाबदारी मात्र अपुऱ्या निधीच्या दुसऱ्याच खात्यावर राहावी, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही. याच परिसराने 1933 ते 1939 या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप पाहिला आहे. खारजमिनीवर कोणाचा हक्क आणि तिचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न येथे नवा नाही.

मच्छीमारांचीही बाजू आहे. गाळ उपसल्याने पाण्यातील गढूळपणा वाढतो, तिवरांच्या मुळांत वाढणारी माशांची पिल्ले नाहीशी होतात, आणि जहाजांच्या वाटेत जाळी टाकता येत नाहीत. या खाड्यांची ओळख असलेला जिताडा हा खाऱ्या-गोड्या पाण्यात ये-जा करणारा मासा असल्याने पात्रातील प्रत्येक बदल त्याच्या वाट्याला येतो. शेजारच्या उरणमध्ये बंदर व अन्य प्रकल्पांमुळे उपजीविका गेलेल्या 1630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये दिला होता. जलमार्गाच्या खर्चात हा आकडा सुरुवातीलाच धरायचा असतो, हे त्या निकालाने दाखवून दिले. वरच्या बाजूला नागोठण्याचा स्वतःचा प्रश्न पुराचा आहे: जुलै 1989 मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि नागोठण्यालाही तडाखा दिला, आणि आजही मोठ्या पावसात बाजारपेठ व एस.टी. स्थानकाचा परिसर पाण्याखाली जातो. या गावाला नदीतून येणाऱ्या बार्जपेक्षा नदीतून निघून जाणाऱ्या पाण्याची चिंता अधिक आहे.

एकाच मालावर उभ्या असलेल्या जलमार्गाचे काय होते, याचे उदाहरण गोव्यात आहे. मांडवी व जुवारी या नद्या, ज्या आज अनुक्रमे 68 व 111 क्रमांकाचे राष्ट्रीय जलमार्ग आहेत, अनेक दशके लोहखनिजाच्या बार्जनी गजबजलेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये खाणकाम थांबवले आणि 2018 मध्ये 88 खाणपट्टे रद्द केले, तेव्हा नद्यांची खोली एका बोटानेही कमी झाली नव्हती, तरी बार्ज नांगर टाकून गंजत राहिले आणि त्यांच्यावरचे खलाशी घरी बसले. डोलवीचा कारखाना जोरात आहे तोवर अंबेचा खालचा तुकडा जोरात राहील, यापलीकडे त्या तुकड्याला आज कोणतीही हमी नाही.

या साऱ्यातून जो निष्कर्ष निघतो तो नागोठण्याच्या अभिमानाला कदाचित रुचणार नाही. धरमतरच्या वरच्या पात्रात मोठा गाळउपसा करून नागोठण्यापर्यंत मालवाहू बार्ज आणण्याचा प्रयत्न आज करणे म्हणजे मालाअभावी रिकाम्या राहणाऱ्या मार्गावर दरवर्षी पैसा ओतणे होय. त्यापेक्षा तोच पैसा तीन ठिकाणी अधिक उपयोगी पडेल. पहिले, खालच्या खाडीत एक सार्वजनिक धक्का, ज्याला पेणच्या बाजूने लोहमार्गाची जोड असेल आणि जेथे रोहा, महाड व नागोठण्याच्या औद्योगिक वसाहतींतील छोट्या कारखान्यांनाही दर ठरवून माल चढवता-उतरवता येईल. कारण पळस्पे ते इंदापूर या महामार्गाच्या टप्प्याचे रुंदीकरण 2011 पासून रखडलेले असताना या भागाला दुसऱ्या पर्यायाची गरज खरोखरच आहे. दुसरे, जलमार्गावरील शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने खारबांध व उघाड्यांच्या देखभालीसाठी राखून ठेवणे आणि बार्जना वेगमर्यादा घालून ती पाळली जाते की नाही हे यंत्राने नोंदवणे. तिसरे काम सर्वांत स्वस्त आहे. रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या पुलाचे काम रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे आणि तो नेमका या जलमार्गाच्या मुखावर येतो. त्या पुलाखालून आणि यापुढे अंबेवर बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक पुलाखालून किती उंचीचे जहाज जाऊ शकेल, हे जलमार्ग प्राधिकरणाने आणि सागरी मंडळाने लेखी ठरवून लोकांसमोर मांडले पाहिजे. नागोठणे, पेण व रोह्याच्या ग्रामपंचायतींनी, नगरपरिषदांनी आणि व्यापारी संघटनांनी हा एक आकडा तरी मागून घ्यावा. गाळ पुढेमागे केव्हाही उपसता येतो, बांधून झालेला पूल उंच करता येत नाही.